अंगारावर धावलेली शर्यत

१९४१ साल. युरोपात महायुद्ध पेटून दोन वर्षे होत आली होती. पॅरिसवर जर्मन सैन्याचा अंमल होता, लंडनने महिनोन्महिने बॉम्बवर्षाव सोसला होता आणि अटलांटिक महासागरात मालवाहू जहाजे एकामागून एक बुडत होती. त्या महासागराच्या पलीकडे, दक्षिण अमेरिकेतील ब्राझील हा विशाल देश मात्र अद्याप तटस्थ होता. त्याची तेव्हाची राजधानी रिओ दि जानेरो. त्या शहराच्या दक्षिणेकडील गाव्हेआ भागातील रस्त्यांवर त्याही वर्षी मोटारींची शर्यत भरली. डोंगर आणि समुद्र यांच्या मधून जाणाऱ्या त्या अरुंद वाटेवर अल्फा रोमिओ ही इटालियन मोटार चालवून साओ पाउलोचा चिको लांदी विजयी झाला.

या शर्यतीचा पुढचा मान मिळवण्यासाठी लांदीला १९४७ पर्यंत थांबावे लागले. मधल्या काळात मोटारी होत्या, चालक होते, रस्ताही तोच होता. संपले होते ते पेट्रोल आणि रबर. शर्यत कोणी विचारपूर्वक थांबवली नव्हती, ती थांबली. मनुष्य स्वतःहून थांबणे आणि परिस्थितीने त्याला थांबवणे यांत केवढे अंतर असते, हे समजून घेण्यासाठी गाव्हेआच्या रस्त्याची ही हकिकत वाचण्याजोगी आहे.

सैतानाची फळी

गाव्हेआची शर्यत १९३३ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी मानुएल दे तेफे हा ब्राझीलचाच चालक जिंकला. शर्यतीसाठी वेगळा मार्ग बांधलेला नव्हता. एरवी ज्या रस्त्यांवरून ट्राम जात, माणसे चालत, तेच रस्ते त्या दिवशी वाहतुकीला बंद करून मोटारींना मोकळे केले जात. एक फेरी सुमारे ११ किलोमीटरची आणि तेवढ्या अंतरात शंभरांहून अधिक वळणे. प्रारंभी शहरातील सपाट रस्ता, मग एका कालव्याच्या कडेने जाणारा भाग, त्यापुढे निमायर मार्ग. हा मार्ग कड्याच्या कुशीत कोरून काढलेला. एका अंगाला उभा खडक आणि दुसऱ्या अंगाला खोल खाली समुद्र. तेथून वाट डोंगरावर चढे आणि नागमोडी वळणे घेत पुन्हा शहरात उतरे.

रस्त्याचा पृष्ठभागही एकसारखा नव्हता. कोठे डांबर, कोठे सिमेंट, कोठे दगडी फरसबंदी, कोठे वाळूमाती, आणि मध्येच ट्रामचे लोखंडी रूळ. पाऊस पडला की हे सारे साबणासारखे निसरडे होई. चालकांनी आणि वृत्तपत्रांनी या मार्गाला ‘सैतानाची उडी मारण्याची फळी’ अशा अर्थाचे नाव दिले आणि तेच रूढ झाले. आश्चर्य असे की, या नावाने लोक दूर गेले नाहीत. उलट जवळ आले. शर्यतीच्या दिवशी लक्षावधी डोळे त्या वळणांकडे लागत. उतारांवर, भिंतींवर, झाडांवर माणसांची दाटी होई आणि कित्येकदा धावत्या मोटारीत व प्रेक्षकांत हातभराचेच अंतर उरे.

रस्त्याने घेतलेले मोल

१९३४ ची शर्यत इरिनेउ कोरेआ याने जिंकली. त्याची मोटार फोर्ड कंपनीची, म्हणजे परदेशी उंची मोटारींच्या मानाने साधी. स्वतःच्या देशातील चालकाने साध्या मोटारीने मिळवलेला तो विजय ब्राझीलच्या लोकांना फार भावला. पुढच्या वर्षी, १९३५ मध्ये, तोच कोरेआ विजेता म्हणून पुन्हा प्रारंभरेषेवर उभा राहिला. पहिल्याच फेरीत त्याची मोटार रस्ता सोडून कालव्यात कोसळली आणि तो जागीच गेला. शर्यत पुढे चालू राहिली. तिचा विजेता ठरला, बक्षीसही दिले गेले.

जुलै १९३६ मध्ये साओ पाउलो शहरातील रस्त्यांवर भरलेल्या शर्यतीत याहून भयंकर प्रसंग घडला. फ्रान्सची प्रसिद्ध महिला चालक हेले नीस तिच्यात उतरली होती. शर्यत संपत आली असता तिची मोटार ताबा सुटून उलटली आणि थेट प्रेक्षकांत घुसली. काही जणांचे प्राण गेले, तीसहून अधिक माणसे जखमी झाली. हेले नीस मोटारीतून फेकली गेली ती एका सैनिकाच्या अंगावर. ती वाचली, तो सैनिक वाचला नाही. बंदोबस्तासाठी आलेल्या किंवा नुसत्या पाहायला आलेल्या त्या माणसांचा शर्यतीशी काय संबंध होता? जिंकण्याची हाव त्यांना नव्हती, हरण्याची भीतीही नव्हती. तरी सर्वांत मोठे मोल त्यांनीच दिले.

श्रावकाच्या बारा व्रतांत ‘अनर्थदंड विरमण’ नावाचे एक व्रत आहे. संसारात राहणाऱ्या गृहस्थाकडून काही हिंसा अपरिहार्यपणे घडते. घर चालवण्यासाठी, उदरनिर्वाहासाठी, आश्रितांच्या रक्षणासाठी. तिला ‘अर्थदंड’ म्हणतात. ज्या कृतीतून कोणतेच प्रयोजन साधत नाही आणि तरी जीवांची हानी होते, ती ‘अनर्थदंड’. तिच्या प्रकारांत ‘प्रमादाचरण’ सांगितले आहे. आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त प्रमादाचरणाची उदाहरणे देताना केवळ कुतूहलापोटी खेळ-तमाशे पाहणे आणि प्राण्यांच्या झुंजी लावणे यांचाही समावेश केला आहे. एवढ्या लहानशा गोष्टीला दोष का मानावे, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडू शकेल. साओ पाउलोच्या रस्त्यावरील तो दिवस त्याचे उत्तर देतो. खेळ करणारा आणि खेळ पाहणारा हे दोघे मिळूनच तमाशा उभा राहतो. पाहणाऱ्यांची गर्दी जितकी वाढे, तितकी बक्षिसाची रक्कम वाढे आणि तितकाच वेगही वाढे.

त्या दुर्घटनेनंतर शर्यत वस्तीतल्या रस्त्यांवर नको, या विचाराने जोर धरला. साओ पाउलो शहराच्या दक्षिणेला, दोन जलाशयांच्या मधल्या जागेत, जवळजवळ ८ किलोमीटरचा स्वतंत्र मार्ग बांधण्यात आला. त्याचे नाव इंटरलागोस, म्हणजे तळ्यांच्या मधले. १२ मे १९४० रोजी तो खुला झाला. आज जगभरातील मोटार-शर्यतींचे शौकीन ज्याला ओळखतात, तोच हा मार्ग. शर्यतीचे वेड त्याने कमी झाले नाही, पण निदान ते कुंपणाच्या आत आले. मनुष्याने आपल्या हौसेला स्वतः घातलेली ही एक मर्यादा होती आणि म्हणून तिची नोंद आदराने घेतली पाहिजे. रिओमध्ये मात्र शर्यत गाव्हेआच्या रस्त्यांवरच राहिली.

यंत्रे तीच, काम निराळे

युद्धापूर्वी गाव्हेआला युरोपातील नामांकित चालक येत. १९३७ ची शर्यत विशेष गाजली. जर्मनीचा हान्स श्टुक ऑटो युनियनची १६ सिलिंडरांची प्रचंड ताकदीची मोटार घेऊन आला होता. त्याच्यासमोर इटलीचा कार्लो पिंताकुदा अल्फा रोमिओमध्ये होता. त्याच्या मोटारीची ताकद कमी होती, परंतु शंभर वळणांच्या ओल्या रस्त्यावर नुसत्या ताकदीचा उपयोग किती? चुरशीच्या झुंजीनंतर पिंताकुदा थोडक्या सेकंदांनी जिंकला. त्याचे नाव ब्राझीलमध्ये इतके लोकप्रिय झाले की, सुसाट गाडी हाकणाऱ्या कोणालाही लोक थट्टेने ‘पिंताकुदा’ म्हणू लागले. पुढच्या वर्षीही तोच विजयी झाला.

त्या काळी ही निव्वळ खेळाची चुरस भासली असेल. परंतु जर्मनीच्या शर्यतीच्या मोटारींमागे नाझी राजवटीचे अर्थसाहाय्य होते. वेगाच्या विक्रमांतून राष्ट्राचा दरारा वाढवावा, हा त्यामागचा हेतू. युद्ध सुरू होताच त्याच ऑटो युनियनच्या कारखान्यांतून लष्करी वाहने बाहेर पडू लागली आणि अल्फा रोमिओचे कारखाने विमानांची इंजिने बनवू लागले. ज्या कौशल्याने कालपर्यंत प्रेक्षकांकडून टाळ्या मिळवल्या होत्या, तेच कौशल्य आता शहरे उद्ध्वस्त करण्याच्या कामी आले. यंत्राला स्वतःचा धर्म नसतो. ते चालवणाऱ्याच्या हेतूचा धर्म त्याला चिकटतो.

सप्टेंबर १९३९ नंतर युरोपातून चालक येणे थांबले आणि नव्या मोटारीही येईनाशा झाल्या. १९४० साली रुबेम आब्रुन्योसा याने स्टुडिबेकर या अमेरिकन मोटारीने गाव्हेआची शर्यत जिंकली. १९४१ च्या शर्यतीत लांदीसारख्यांचा आधार म्हणजे शांततेच्या काळात देशात आलेल्या परदेशी मोटारी. त्यांचे सुटे भाग ज्या कारखान्यांतून येत, ते कारखाने आता युद्धाच्या कामाला जुंपलेले. म्हणून झिजलेला भाग घासून-पुसून पुन्हा बसवायचा, न मिळणारा भाग स्वतःच घडवायचा आणि गाडी रस्त्यावर आणायची.

चिको लांदी याच कामात वाढलेला माणूस होता. इटलीहून येऊन साओ पाउलोत स्थिरावलेल्या कुटुंबातला, १९०७ चा जन्म. बालपणीच शाळा सोडून तो मोटार-दुरुस्तीच्या कामाला लागला. श्रीमंतांच्या त्या खेळात तो हातांना काजळी लावून शिरला. यंत्र कोठे कुरकुरते, किती ताण सोसते आणि कोठे तुटते, हे त्याला कानाने कळे. १९४१ चा विजय म्हणूनच धाडसाइतकाच काटकसरीचाही होता. मोटार जपून चालवली तरच ती अखेरच्या फेरीपर्यंत पोहोचणार होती.

पेट्रोल संपले

ब्राझीलमध्ये त्या वेळी तेलाचे उत्पादन नाममात्र होते. जवळजवळ सर्व पेट्रोल जहाजांनी बाहेरून येई. जानेवारी १९४२ मध्ये ब्राझीलने जर्मनी, इटली आणि जपान यांच्याशी संबंध तोडले. त्यानंतर जर्मन पाणबुड्यांनी ब्राझीलच्या जहाजांना लक्ष्य केले. ऑगस्ट १९४२ मध्ये किनाऱ्यालगत काही दिवसांतच अनेक जहाजे बुडवली गेली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. २२ ऑगस्टला ब्राझीलने युद्ध पुकारले. तेलाची जहाजे दुर्मिळ झाली आणि खासगी मोटारींना पेट्रोल मिळणे जवळजवळ बंद झाले. ज्यांच्या दारात मोटार उभी होती, त्यांनाही पायी अथवा ट्रामने जावे लागले.

या टंचाईवर एक जुना उपाय पुढे आला. त्याला तेथील भाषेत ‘गाझोजेनिओ’ म्हणतात. आपल्याकडे त्याला कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार म्हणत. मोटारीच्या मागे अथवा बाजूला एक उंच पिंप बसवलेले असे. त्यात लाकडी कोळसा भरून पेटवायचा, परंतु हवा मोजकीच द्यायची. हवा पुरेशी मिळाली तर कोळसा जळून राख होईल. ती कमी मिळाली म्हणजे रसरशीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा ज्वलनशील वायू तयार होतो. तो थंड करून, गाळून, राखेचे कण काढून इंजिनात सोडला की इंजिन चालते. पेट्रोलच्या मानाने इंजिनाची ताकद मात्र तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटे. गाडी सुरू करण्यापूर्वी निखारे फुलण्याची वाट पाहावी लागे, गाळण्या वरचेवर साफ कराव्या लागत. शिवाय हा वायू विषारी. बंद जागेत तो साठला तर माणूस वास न येताच बेशुद्ध होऊन दगावे.

भारतातील जुन्या पिढीला हे वर्णन अपरिचित वाटणार नाही. त्याच वर्षांत येथेही पेट्रोलवर रेशन आले होते आणि पाठीवर कोळशाची भट्टी घेतलेल्या बसगाड्या धापा टाकत चढ चढत होत्या. चढावर उतारूंनी खाली उतरावे, गाडीला हात द्यावा आणि वर पोहोचल्यावर पुन्हा बसावे, हे त्या प्रवासाचे नेहमीचे दृश्य होते.

ब्राझीलच्या शर्यतप्रेमींनी मात्र याच गाड्यांच्या शर्यती लावल्या. मागे धूर आणि राख सोडणाऱ्या, निम्म्या ताकदीच्या, पिंपे बांधलेल्या मोटारी एकमेकींशी स्पर्धा करू लागल्या. लांदी येथेही आघाडीवर राहिला आणि कोळशाच्या गॅसवरील मोटारींचा राष्ट्रीय विजेता ठरला. या शर्यतींना एक उपयुक्त बाजूही होती. गाझोजेनिओवर विश्वास ठेवता येतो, त्यावर लांबचा पल्ला गाठता येतो, हे लोकांना दिसावे आणि त्यांनी तो स्वीकारावा, असा प्रचार त्यातून होत असे.

उपायाचा हिशेब

व्यापारी माणूस कोणत्याही उपायाचा हिशेब मांडून पाहतो. तो येथेही मांडून पाहावा. एक लिटर पेट्रोलचे काम करण्यास साधारण सव्वा ते दीड किलो लाकडी कोळसा लागे. एक किलो कोळसा तयार करण्यास जुन्या पद्धतीच्या भट्टीत पाच-सहा किलो लाकूड जळे. म्हणजे एक लिटर पेट्रोलच्या जागी सात-आठ किलो लाकूड. साधी मोटार शंभर किलोमीटर नेण्यासाठी, जुन्या मापात बोलायचे तर, अडीच मणांच्या आसपास लाकूड खर्ची पडे. पेट्रोलची बचत झाली, हे खरे. पण ती नोंद वहीच्या ज्या पानावर जमेच्या बाजूला झाली, त्याच पानावर खर्चाच्या बाजूला झाडे पडली.

जैन परंपरेने हा हिशेब फार पूर्वी मांडून ठेवला आहे. भोगोपभोग परिमाण व्रताच्या अनुषंगाने श्रावकाने टाळावयाचे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत. त्यांना ‘कर्मादाने’ म्हणतात. त्या यादीत पहिलेच नाव ‘अंगारकर्म’, म्हणजे कोळसा पाडण्याचा धंदा. दुसरे ‘वनकर्म’, म्हणजे जंगल तोडून केलेला धंदा. तिसरे ‘शकटकर्म’, म्हणजे गाड्या बनवण्याचा व चालवण्याचा धंदा. भट्टीत लाकडाबरोबर त्याच्या सालीतले, ढोलीतले, मुळांजवळचे असंख्य जीव भाजून निघतात, ही त्यामागची दृष्टी. कोळशासाठी तोडलेले जंगल, जंगलातून पाडलेला कोळसा आणि कोळशावर धावणारी गाडी: त्या यादीतील पहिली तिन्ही नावे गाझोजेनिओच्या शर्यतीत एकत्र आली होती.

याचा अर्थ, त्या काळी रुग्णाला इस्पितळात पोहोचवणारी किंवा धान्य वाहून नेणारी कोळशाची गाडी दोषास्पद होती, असा नव्हे. गरजेपुरता मार्ग काढणे हा अर्थदंड झाला. गृहस्थाला तो टाळता येत नाही. परंतु त्याच दुर्मिळ साधनावर शर्यत लावणे ही गोष्ट वेगळी. प्रचाराचे कारण तिला अंशतः सावरू शकते, पूर्णपणे नाही. एक वस्तू मिळेनाशी झाली की माणूस तिच्या जागी दुसरी शोधतो आणि त्यालाच संयम समजतो. वास्तविक वासना तशीच राहिलेली असते; तिचे इंधन मात्र बदललेले असते.

रबराचे सैनिक

पेट्रोलला कोळशाचा पर्याय तरी होता. टायरला कोणताच नव्हता. येथे इतिहासाने एक विलक्षण विरोधाभास उभा केला. रबराचे झाड मूळचे ब्राझीलमधील ॲमेझॉनच्या अरण्यातले. एके काळी जगाला रबर पुरवणारा देश तोच. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने त्या झाडाच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. तेथील रोपे सिलोन व मलायात पोहोचली, शिस्तीत लावलेल्या मळ्यांतून स्वस्त रबर निघू लागले आणि ॲमेझॉनचा व्यापार बसला. व्यापाराची घडी एकदा विस्कटली की मूळ मालकालाही ग्राहक कसा सोडून जातो, याचे हे ठळक उदाहरण.

१९४२ च्या आरंभी जपानने मलाया जिंकला, १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले आणि दोस्त राष्ट्रांचा रबराचा बहुतेक पुरवठा एका फटक्यात तुटला. सर्वांना पुन्हा ॲमेझॉनची आठवण झाली. मार्च १९४२ मध्ये अमेरिका आणि ब्राझील यांच्यात करार झाले. झाडे अरण्यात विखुरलेली होती. चीक काढणारे हात हवे होते. ईशान्य ब्राझीलमधील, विशेषतः दुष्काळाने गांजलेल्या सेआरा प्रांतातील, सुमारे ५५,००० माणसे सरकारने अरण्यात धाडली. त्यांना ‘रबराचे सैनिक’ म्हटले गेले. घर, औषधपाणी, परतीचा प्रवास, सारे कबूल करण्यात आले होते. प्रत्यक्षात मलेरिया, पीतज्वर, उपासमार आणि मळेवाल्या दलालाच्या दुकानातील उधारी हे त्यांच्या वाट्याला आले. दुकानातून धान्य व हत्यारे उधार घ्यायची, त्याची किंमत दलाल ठरवणार. आणलेल्या रबराची किंमतही तोच ठरवणार. त्या वहीत खाते कधीच मिटत नसे. ब्राझीलने इटलीच्या रणभूमीवर सुमारे २५,००० सैनिक पाठवले. त्यांतील साडेचारशेच्या आसपास धारातीर्थी पडले. अरण्यात गेलेले रबराचे सैनिक हजारोंनी मृत्यू पावले. जे जगले, त्यांना आणि त्यांच्या वारसांना देशाने निवृत्तिवेतनाचा हक्क दिला तो १९८८ च्या राज्यघटनेत. युद्ध संपून चार दशके उलटल्यावर.

शर्यतीच्या मोटारीचे चार टायर आणि त्या माणसांचे आयुष्य यांचा थेट संबंध जोडणे अन्यायाचे ठरेल, कारण ते रबर युद्धासाठी जात होते. तथापि वस्तू कोठून येते, कोणाच्या हातून येते आणि त्या हाताला काय मिळते, हा प्रश्न प्रत्येक दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याने विचारण्याजोगा आहे. अस्तेयव्रताच्या अतिचारांत खोटे तोलमाप सांगितले आहे. ॲमेझॉनच्या दुकानातील काटा कदाचित बरोबर असेल. पण दोन्ही बाजूंचा भाव एकाच माणसाने ठरवायचा असेल, तर त्या काट्याच्या खरेपणाला काय अर्थ उरतो?

मर्यादा आधी, की मागाहून

टंचाईने शर्यतींना केवळ ब्राझीलमध्येच रोखले नाही. शेजारचा अर्जेंटिना युद्धापासून दीर्घकाळ अलिप्त होता, तरी टायर आणि सुटे भाग न मिळाल्याने १९४२ नंतर तेथील शर्यतीही थंडावल्या. बाल्कार्से गावात मोटार-दुरुस्तीचे दुकान चालवणारा हुआन मानुएल फान्जिओ १९४० आणि १९४१ असा लागोपाठ दोन वेळा राष्ट्रीय विजेता झाला होता. ऐन उमेदीची कित्येक वर्षे त्याला शर्यतीविना काढावी लागली. युद्ध संपल्यावर तो पुन्हा उभा राहिला आणि १९५१ ते १९५७ या काळात पाच वेळा जगज्जेता ठरला. लांदीही थांबून संपला नाही. १९४७ आणि १९४८ मध्ये त्याने गाव्हेआ पुन्हा जिंकली, १९४८ मध्येच इटलीतील बारी येथे विजय मिळवला आणि १९५१ मध्ये जागतिक विजेतेपदाच्या शर्यतीत उतरणारा तो पहिला ब्राझिलियन चालक झाला. थांबण्याने कोणाचे कौशल्य गंजले नाही. थांबलो तर सारे हातचे जाईल, ही भीती बहुधा खोटी असते. बाजारात वावरणाऱ्यालाही ती रोज सतावते.

गाव्हेआच्या रस्त्यांवरील शर्यत १९५४ नंतर बंद झाली. मोटारींचा वेग इतका वाढला होता आणि भोवतालची वस्ती इतकी दाटली होती की, तो रस्ता शर्यतीला पुरेनासा झाला. ज्या डोंगरवाटेवरून पिंताकुदा आणि लांदी धावले, तिच्या दोन्ही बाजूंना आज रोसिन्या ही कष्टकऱ्यांची प्रचंड वस्ती पसरली आहे. निमायर मार्गावरून समुद्राच्या कडेने रोज बसगाड्या जातात. कोरेआ जेथे पडला, त्या कालव्याच्या काठी माणसे सकाळी फिरायला निघतात.

या संपूर्ण हकिकतीत मर्यादा तीन वेळा आली. साओ पाउलोला ती माणसे मेल्यावर आली. युद्धकाळात ती पेट्रोल संपल्यावर आली. गाव्हेआला ती रस्ता उरला नाही तेव्हा आली. प्रत्येक वेळी ती उशिरा आली आणि प्रत्येक वेळी तिचे मोल कोणी तरी आधीच देऊन बसले होते.

याच्या शेजारी वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा ठेवून पाहावी. ‘उपासकदशांग’ सूत्रात ती आली आहे आणि व्यापारी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. आनंद श्रीमंत गृहस्थ होता. बारा कोटी सुवर्णमुद्रांपैकी चार कोटी ठेवीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात, अशी त्याची मांडणी होती. भगवान महावीरांसमोर त्याने व्रते घेतली तेव्हा जे होते ते टाकून दिले नाही. त्याने त्याला सीमा घातली. सोने इतकेच, गोधन इतकेच, शेत इतकेच. आणि गाड्याही मोजून: पाचशे प्रवासाच्या, पाचशे मालवाहतुकीच्या, त्यापलीकडे एकही नाही. त्या दिवशी त्याच्या गावात दुष्काळ नव्हता, बाजारात टंचाई नव्हती, दारात सैन्य उभे नव्हते. गाड्यांची ददात नसतानाच त्याने गाड्या मोजल्या.

गाव्हेआची पिंपे बांधलेली मोटार आणि आनंदाची मोजलेली गाडी, दोन्हींना मर्यादा होती. एकीची मर्यादा बंदरात जहाज आले नाही म्हणून आली होती. जहाज येताच ती नाहीशी झाली. दुसरीची मर्यादा मालकाच्या मनात होती. भांडार कितीही भरले तरी ती हलली नाही. दिवाळीला नव्या वहीचे पूजन करून पहिल्या पानावर लाभाची कामना लिहिणाऱ्या प्रत्येक घराने त्याच वहीच्या शेवटच्या पानावर, भरभराटीच्या वर्षातच, आपल्या घरच्या गाड्यांचा एक आकडा लिहून ठेवावा. टंचाईच्या वर्षी तो लिहिला, तर त्याला व्रत म्हणता येत नाही.